एकवीस वर्षांनंतरचं हॉल तिकीट

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, ती माझ्यासाठी नव्हे. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. मराठीत एम.ए. झाली होती आणि सेटची तयारी करत होती. "टीचर, तुमच्या एम.ए.च्या नोट्स असतील तर द्या ना," म्हणाली. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात मराठी शिकवते. नववी-दहावीला 'अक्षरभारती'. ही मुलगी आठवीत आली तेव्हा 'मी जेवण खाली' असं बेधडक लिहायची. तिनं मराठीत एम.ए. करावं, ही माझ्या नोकरीतल्या फार थोड्या गोष्टींपैकी एक, जिचा मला खरंच अभिमान आहे.

पेटीतल्या वह्यांना कसर लागली होती. एका वहीवर 'शेख महंमद : योगसंग्राम' असं लाल शाईनं लिहिलेलं. अक्षर माझंच. मुलगी चहा पीत होती, म्हणून मी सहज वही उघडून वाचायला लागले. दोन पानं वाचली आणि काहीच कळलं नाही. म्हणजे शब्द ओळखीचे होते, पण मी कशाबद्दल एवढ्या तावातावानं लिहिलं होतं, ते कळेना. समासात मी कुणाशी तरी वाद घातला होता, उद्गारचिन्हं टाकली होती. तेवीस वर्षांची ती पोरगी मला माझ्याच वहीत परकी वाटली.

वह्या मी तिला दिल्या. ती एक वही मात्र ठेवून घेतली.

रात्री यांना म्हटलं, "मी सेटला बसू का?" यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळालेल्या मोटारी उघडायच्या, तारा काढायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. ते म्हणाले, "बस. जळाली तर पुन्हा गुंडाळू." विनोद बरा होता, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

माझं एम.ए. २००३चं. तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं, ते २००४ मध्ये झालं. त्यामुळे माझ्या गुणपत्रिकेवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे. अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता. मुलीनं मराठीत एम.ए. केलं, हे त्यांच्या गाळ्यावर येणाऱ्या निम्म्या लोकांना कौतुकाचं वाटायचं आणि निम्म्यांना चमत्कारिक. "उर्दूमें कायकू नहीं कराये?" असं विचारणाऱ्याला अब्बा सांगायचे, "मोसंबी कौनसे भाषामें बेचतूं मैं?" १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्या सोलापुरात झालं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. मी दहा वर्षांची होते, मला यातलं काही कळत नव्हतं. पण अब्बा वर्तमानपत्राचं ते पान बरेच दिवस गाळ्यातल्या गल्ल्याखाली ठेवून होते. पुढं मी मराठी घेतलं तेव्हा ते 'नको' म्हणाले नाहीत, याला ते पान कारण असावं असं मला वाटतं. त्यांना विचारायचं राहून गेलं.

एम.ए.नंतर बी.एड., मग लग्न, मग ही नोकरी, मग दोन मुलं. पीएच.डी. करायची होती. 'करायची होती' हे वाक्य मी किती वर्षं भूतकाळात म्हणत होते, हे मला त्या दिवाळीत पहिल्यांदा ऐकू आलं.

---

अभ्यासाआधी कागद. बायकांनी वीस वर्षांनी परीक्षेला बसायचं तर पहिला पेपर हाच असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. फॉर्म भरताना दहावीप्रमाणे नाव टाकायचं तर ओळखपत्र जुळत नाही, ओळखपत्राप्रमाणे टाकायचं तर गुणपत्रिका जुळत नाही. दोन्ही बाई एकच, हे सिद्ध करायला निकाहनामा लागतो. आमचा निकाहनामा उर्दूत. खिडकीतल्या बाबूंनी तो उलटा-सुलटा धरून पाहिला आणि भाषांतर मागितलं. मी म्हटलं, "मी मराठीची शिक्षिका आहे आणि उर्दूही येतं, इथंच बसून करून देते." ते म्हणाले, "स्वतःचं भाषांतर स्वतः करता येत नाही, मॅडम." वाक्य इतकं सुंदर होतं की मी भांडले नाही. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं. त्यानं दोन चुका केल्या होत्या, त्या मी गुपचूप सांगून दुरुस्त करवल्या. मग प्रतिज्ञापत्र, मग गॅझेट. जानेवारीत सेटचा फॉर्म भरला तेव्हा अर्धी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

सेटला दोन पेपर. पहिला सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकूण तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मी वर्गात हजेरी घ्यायलाच यापेक्षा जास्त वेळ घेते.

आणि सगळे पर्यायी प्रश्न. मी आयुष्यभर मुलांना 'सविस्तर लिहा' म्हणत आले. दीर्घोत्तरी परीक्षेत माणसाला थोडं झाकता येतं, थोडं फुलवता येतं. इथं चार गोल आणि त्यातला एक काळा करायचा. शिक्षकाची आणखी एक खोड असते. आपण चुकीच्या पर्यायातही काय बरोबर आहे ते शोधत बसतो. 'विधान बरोबर, कारण बरोबर, पण कारण हे विधानाचं स्पष्टीकरण नाही' अशा प्रश्नावर मी सुरुवातीला पाच-पाच मिनिटं घालवायची. मनात त्या कारणाची बाजू घेऊन भांडायची. माझी विद्यार्थिनी असा प्रश्न वीस सेकंदांत सोडवायची आणि माझ्याकडे बघायची. ती दर रविवारी येत होती. कधी माझ्या घरी, कधी हिराचंद नेमचंद वाचनालयात. तिला सगळ्या क्लृप्त्या माहीत होत्या. मला वाङ्मयेतिहास जास्त आठवत होता, तिला गुण कसे मिळतात ते जास्त माहीत होतं. "टीचर, इतका विचार करायचा नाही," असं ती मला म्हणाली, तेव्हा मला एकदम आठवलं की मी हिला आठवीत बरोबर उलटं सांगत होते.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. पाण्याच्या दिवशी अभ्यास नाही, हे वेळापत्रकातच लिहून टाकलं. बाकीच्या दिवशी पहाटे साडेचार ते सहा. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. त्या तहज्जुदला उठायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसलेली दिसायची. पहिले काही दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "तेरे बच्च्यां पढनेके दिनां हैं गे. तू कायकू पढती?" रागानं नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी म्हटलं, "अम्मी, अर्धवट राहिलंय." त्यावर त्यांनी मान हलवली. अर्धवट विणलेलं, अर्धवट शिवलेलं त्यांना घरात चालत नाही, त्यामुळे हे कारण त्यांना पटलं असावं.

---

भाषाविज्ञानाचा मला धसका होता. एम.ए.लाही तो पेपर मी पाठांतरावर काढला होता. स्वन, स्वनिम, रूपिम, सोस्यूर. या वेळी वाचताना मात्र वेगळंच झालं. स्वनिम म्हणजे काय हे समजावताना पुस्तकात एका ध्वनीनं अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या. मला वर्गातला 'जग' आठवला. 'हे जग सुंदर आहे' मधला जग आणि 'तू शंभर वर्षं जग' मधला जग. लिहायला एकच, उच्चारायला दोन. आमच्या मुली दुसरा 'जग' उर्दूतल्या ज़सारखा म्हणतात. कारण त्यांच्या कानाला ज आणि ज़ हे दोनच माहीत आहेत. मराठीतला तो दातांमागचा ज त्यांच्याकडे नाही. सतरा वर्षं मी त्यांना फळ्यासमोर उभं करून तो उच्चार घोटवून घेते आहे. जीभ कुठं टेकवायची ते स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून सांगते आहे. जे मी रोज हातानं करत होते त्यालाच ही नावं होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहिलं. उद्गारचिन्हासकट.

पहिल्या पेपरात अध्यापन आणि संशोधन अभिवृत्ती, आकलन, संवाद, गणिती तर्क, तर्कशास्त्र, आकडेवारीचा अर्थ, संगणक, पर्यावरण, उच्च शिक्षणव्यवस्था असं सगळं असतं. गणित माझी थोरली शिकवायची. ती अकरावी सायन्सला होती. 'अम्मी, हे सातवीचं आहे' असं म्हणून ती जो सुस्कारा सोडायची, तो अगदी माझा वर्गातला सुस्कारा होता. तर्कशास्त्रात भारतीय प्रमाणंही येतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी. डोंगरावर धूर दिसला म्हणजे आग असणार, हे अनुमान. अर्थापत्तीचं ठरलेलं उदाहरण देवदत्ताचं आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असणार. हे मी मोठ्यानं वाचलं, तेव्हा रमजानचा पहिला आठवडा चालू होता. सहेरीची भांडी आवरत असलेली थोरली म्हणाली, "मग काय, देवदत्त रोजे ठेवतो." अम्मींना अर्थ सांगितला तर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पुढं महिनाभर आमच्या घरात इफ्तारला जास्त भजी खाणाऱ्याला देवदत्त म्हणत होते. अर्थापत्ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

---

२०२४ची सेट ७ एप्रिलला होती. रविवार. कॅलेंडर मी आधी पाहिलंच नव्हतं. नंतर मोजलं तर सत्ताविसावा रोजा. म्हणजे आदल्या रात्री शबे कद्र. त्यातच दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरात येऊन पडलेले. मेमध्ये लोकसभेचं मतदान, त्याच्या ड्युटीचा आदेशही हातात. शिक्षकाच्या मार्च-एप्रिलबद्दल काही सांगायला नको.

शबे कद्रची रात्र हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ. लहानपणापासून मी ती कधी झोपून काढलेली नाही. अब्बा गेले त्या वर्षीसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेपर. कुणाला विचारावं असा हा प्रश्न नव्हता. उत्तर माहीत होतं, धीर नव्हता. शेवटी बारापर्यंत नफल नमाज पढले, दुआ मागितली आणि झोपले. दुआ मागताना लाज वाटली. त्या रात्री लोक गुन्ह्यांची माफी मागतात, मी काय मागत होते? स्वनिमाचा प्रश्न सोपा येऊ दे?

केंद्रावर माझी विद्यार्थिनीही होती, तीही रोज्यात. पहिला पेपर अकराला संपला, दुसरा साडेअकराला. मधल्या अर्ध्या तासात आवारात पाण्याच्या बाटल्या उघडल्या जात होत्या आणि कुणी डब्यातून पोहे काढत होतं. आम्ही दोघी एका कडुनिंबाखाली बसून राहिलो. सोलापूरचा एप्रिल. ती म्हणाली, "टीचर, घसा सुकलाय, बोलू नका." मग आम्ही बोललो नाही.

दुसऱ्या पेपरात साठाव्या प्रश्नापर्यंत ठीक चाललं होतं. नंतर डोकं दुखायला लागलं आणि ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. एका ठिकाणी मी गोल एक ओळ पुढं काळे करत गेले. सहा-सात प्रश्नांनंतर ते लक्षात आलं. काळ्या पेनाचा गोल खोडता येत नाही.

निकाल पावसाळ्यात आला. सेटमध्ये बसलेल्यांपैकी वरचे साधारण सहा टक्केच पात्र ठरवतात. मी चार प्रश्नांनी, म्हणजे आठ गुणांनी बाहेर होते. माझी विद्यार्थिनी आत होती.

तिचा फोन आला, तेव्हा ती रडत होती, आनंदानं. मी "मुबारक हो बेटा, मुबारक हो" म्हटलं आणि ते खरं होतं. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. तेही खरं होतं. लोकांनी मला नंतर सांगितलं, रोजा होता म्हणून असं झालं. अम्मी म्हणाल्या, रात्री जागलीस म्हणून. पण तिचाही रोजा होता. ती तर रात्रभर जागली होती. मला तिचा हेवा वाटला. जिला मी जोडाक्षरं शिकवली तिचा. आठ दिवस मी तिला फोन केला नाही, 'पेपर तपासतेय' असा खोटा निरोप पाठवला. हे मी इथं पहिल्यांदा लिहिते आहे. ती हे वाचेल, मला माहीत आहे.

---

सेटचा निकाल यायच्या आधीच मी नेटचाही फॉर्म भरून ठेवला होता. एक नवी गोष्ट कळली होती. जून २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश घेता येणार होता, प्रत्येक विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा द्यायची गरज नव्हती. नेटमधून आता तीन प्रकारे पात्र होता येतं. पहिले फेलोशिप आणि सहायक प्राध्यापक. दुसरे सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. तिसरे फक्त पीएच.डी. फेलोशिपला तिशीची अट, म्हणून तो रकाना माझ्यासाठी कधीचाच बंद. बाकी दोन्हींना वयाची अट नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी 'अट नाही' हे दोन शब्द किती गोड लागतात, ते तिशीतल्यांना कळायचं नाही.

नेट १६ जूनला ठरली होती. त्याच दिवशी यूपीएससीची पूर्वपरीक्षा होती, म्हणून ती १८ जूनला ढकलली. आणि १७ जूनला बकरी ईद.

ज्यांच्या घरी कुर्बानी होते त्यांना मी काही समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरी होत नाही त्यांच्यासाठी सांगते. बकऱ्याचं काम कसाई करतो, ते तास-दोन तासांचं. त्यानंतरचं काम बायकांचं आणि ते तीन दिवसांचं. गोश्ताचे तीन हिस्से करायचे, एक गरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. पिशव्या भरायच्या, कुणाची पिशवी गेली आणि कुणाची राहिली हे लक्षात ठेवायचं. कलेजी लगेच शिजवायची. पाये जाळून साफ करायचे. दारात येणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आणि पाहुणे. दिवसभर पाहुणे. शिवाय त्या वर्षी शाळा १५ जूनला सुरू झालेली, म्हणजे १८ची रजाही मुख्याध्यापकांकडे तोंड वेंगाडून घेतलेली.

ईदच्या आदल्या रात्री अम्मींनी मला बोलावलं. पासष्टी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात. म्हणाल्या, "कल तू खाली सलाम कर, शीरखुर्मा पी, और उप्पर जा. नीचे दिखना नको." धाकट्या जाऊबाईंना आणि शेजारच्या खालाजींना त्यांनी आधीच कामाला लावून ठेवलं होतं. मी गच्चीवरच्या खोलीत बसले. खालून सुरीचा आवाज, माणसांचा आवाज, मसाल्याचा वास. मी महानुभावांचे ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या लावत होते. मध्येच अम्मी जिना चढून आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, एका हातात कलेजीची बशी. बशी ठेवली, काही न बोलता खाली गेल्या. त्या बाईनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला वही घेऊन बसलेली बघून 'ये सब मायकेमें' असं म्हटलं होतं. मी ते विसरलेले नाही, पण ही बशीही विसरणार नाही.

१८ तारखेला केंद्राच्या दारात तपासणी करणारी बाई होती. स्कार्फच्या टाचण्या काढायला लागल्या. ती म्हणाली, "काल तुमची ईद ना? ईद मुबारक." टाचण्या तिनं स्वतःच्या रुमालात बांधून ठेवल्या आणि येताना आठवणीनं दिल्या. पेपर त्या वेळी कागदावरच होता, काळे गोल. प्रत्येक पाचव्या प्रश्नाला मी ओळ तपासली. बाहेर आले तेव्हा वाटलं, होणार. सेटच्या वेळी असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री, म्हणजे कुर्बानीच्या तिसऱ्या दिवशी, आम्ही शेवटची भांडी घासत होतो. थोरली मोबाइल घेऊन आली. तिचं तोंड बघूनच मला वाटलं, कुणीतरी गेलं. परीक्षा रद्द झाली होती. देशभरातल्या नऊ लाखांहून जास्त लोकांनी दिलेली.

मी भांडी घासत राहिले. काय करणार? अम्मींना सांगितलं तर त्यांना आधी कळलंच नाही. "मतलब तू फेल हुई?" नाही. "मतलब पास हुई?" नाही, अम्मी. झालीच नाही असं समजायचं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कुर्बानी तो अल्ला कबूल किया होगा. परीक्षा सरकार कबूल नईं किया." आम्ही तिघी हसायला लागलो. हसता हसता थोरली रडायला लागली. पुढच्या वर्षी तिची नीट होती आणि त्या दिवसांत नीटच्याही बातम्या रोज येत होत्या. तिला काय समजवायचं, मला सुचलं नाही. अभ्यास कर, कष्टाचं फळ मिळतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले आहे. त्या रात्री ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

---

फेरपरीक्षा २१ ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा यादरम्यान झाली, या वेळी संगणकावर. माझा नंबर त्यातल्या एका दिवशी लागला. मधल्या दोन महिन्यांत सेटचा निकाल आला होता आणि मी वही बंद करून पेटीत टाकली होती. ती पुन्हा उघडायला लावली ती माझ्या विद्यार्थिनीनं. खोट्या निरोपानंतर नवव्या दिवशी ती न सांगता घरी आली. हातात पेढे नव्हते. सरावाच्या प्रश्नपत्रिका होत्या. "माझं झालंय, आता मला रविवारी काम नाही," म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. मीच तिला शिकवलं आहे, तिला न लिहिलेलं वाचता येतं.

ऑक्टोबरात निकाल लागला. मी तिसऱ्या प्रकारात पात्र झाले. फक्त पीएच.डी.साठी. सहायक प्राध्यापकासाठी नाही. ओळखीच्या एका सरांनी ऐकल्यावर "अच्छा, फक्त पीएच.डी." असं म्हटलं. मी त्यांना 'फक्त' या अव्ययाबद्दल दोन शब्द सांगणार होते, मग गप्प बसले. या प्रकारात गुण वर्षभरच चालतात. त्या वर्षात प्रवेश मिळाला नाही तर पुन्हा परीक्षा. प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०.

आता मुलाखतीसाठी विषय हवा. मी शेख महंमदांवर टिपण तयार केलं होतं. पण त्यांच्यावर आणि शाह मुंतोजींवर माझ्याहून कितीतरी थोर माणसांनी लिहून ठेवलं आहे. अलीकडे माझ्या मनात दुसरंच घोळतं आहे. आमच्या लग्नांमध्ये हळदीला बायका जी गाणी म्हणतात, ती ना धड दखनी ना धड मराठी. क्रियापद एका भाषेचं, नातं दुसऱ्या भाषेचं. कुठल्या वहीत ती मला सापडली नाहीत. अम्मींना अशी पंचवीस-तीस तरी येतात, आणि त्यांच्या वयाच्या बायका आता गल्लीत चार-पाच उरल्या आहेत.

गेल्या रविवारी मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून अम्मींच्या समोर ठेवला. त्यांनी आधी केस सारखे केले, पदर घेतला, जणू फोटो काढणार. मग घसा खाकरून विचारलं, "इसका बी पर्चा है क्या? मैं फेल हुई तो?"

माझी विद्यार्थिनी शेजारी बसली होती, वही उघडून. ती म्हणाली, "दादीमाँ, निगेटिव्ह मार्किंग नाही."

अम्मींनी गायला सुरुवात केली.